कुलूपबंद वस्तीची पूरपातळी

सहाव्या सत्रात आमच्या कॉलेजात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं. वर्गातल्या बहुतेकांनी पुण्याच्या नाहीतर संभाजीनगरच्या खाजगी कंपन्या शोधल्या. मला राहायची सोय होईल असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे माझी मावशी राहते ते तालुक्याचं गाव. तिथं सरकारी बांधकाम खात्याचं उपविभागीय कार्यालय आहे. प्राचार्यांचं पत्र घेऊन जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मी तिथं गेले. माझ्या घरात मी सोडून कोणी सातवीच्या पुढं शिकलेलं नाही, आणि सरकारी कार्यालयात आम्ही आजवर दाखल्यापुरतेच गेलेलो. त्यामुळं खिडकीच्या या बाजूला उभं राहायची सवय होती. आत जाऊन कुठं बसायचं ते मला कळेना.

बसायला जागा मिळाली ती सिमेंटच्या ठोकळ्यांवर. काम चालू असताना काँक्रीट तपासायला म्हणून चौकोनी ठोकळे ओततात. ते तपासून झाले की किंवा न तपासता राहून गेले की कार्यालयात इकडंतिकडं पडलेले असतात. एक ठोकळा दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेला, एक फायलींवर वजन म्हणून, आणि सहांवर फळी टाकून केलेला बाक. त्या बाकावर माझ्याशेजारी मामा बसायचे. मामा म्हणजे मैलकुली, रस्त्याची देखभाल करणारे सरकारी कामगार. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिली होती. रस्त्यावर आता सगळं काम ठेकेदार करतात, म्हणून मामा कार्यालयातच असत आणि मोजणीला निघालं की सामान उचलत.

ज्यांच्या हाताखाली मला दिलं ते शाखा अभियंता. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, आणि त्यांच्यावरच्या उपअभियंत्यांना मोठे साहेब. साहेब पंचेचाळीसच्या आसपासचे, कोरडं बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "लेव्हल लावता येते का, इंजिनिअरबाई?" लेव्हल म्हणजे उंची मोजायची तिपाईवरची दुर्बीण. मी म्हटलं, कॉलेजात दोनदा लावली आहे. ते म्हणाले, "म्हणजे नाही येत." पुढं पाच महिने त्यांनी मला इंजिनिअरबाईच म्हटलं. आधी त्यात टोमणा होता. नंतरही होता, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं.

त्या वेळी कार्यालयापुढं एका पुलाचं काम होतं. तालुक्यापासून बारा-चौदा किलोमीटरवर एक गाव आहे. गावाच्या पूर्वेला ओढा, आणि ओढ्यापलीकडं पंचवीसेक घरांची वस्ती. मधे नळ्या टाकून केलेला बुटका फरशी पूल आहे. जरा जोराचा पाऊस झाला की त्याच्यावरून पाणी जातं आणि वस्ती तुटते. शाळा, दवाखाना, एसटी सगळं अलीकडं. वस्तीतली पोरं पावसाळ्यात कधी चार दिवस, कधी दोन आठवडे घरी बसतात. आता नवा उंच पूल तत्त्वतः मंजूर झाला होता आणि त्याचं अंदाजपत्रक मार्चच्या आत वर जायचं होतं. जागेवर जाताना साहेबांनी मला जीपमध्येच सांगितलं की अशा जागी पूल एकदाच होतो. तो कमी उंचीचा झाला, तर तोही बुडणार, आणि पुढची तीस वर्षं तिथं दुसरा कोणी बांधून देत नाही.

पुलाची उंची ठरते पूरपातळीवरून, म्हणजे आजवरचं सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं त्यावरून. मोठ्या नदीवर पाण्याची नोंद ठेवणारी माणसं असतात. ओढ्यावर कोणी नसतं. म्हणून तिथं एकच पद्धत आहे, ती म्हणजे जाऊन विचारायचं. गावातली जाणती माणसं खूण दाखवतात, त्या खुणेवर स्टाफ धरायचा, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, आणि चौकशीचा पंचनामा करून त्याखाली तीन-चार सह्या घ्यायच्या. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी. आमच्या पुस्तकात या पद्धतीवर दीड ओळ आहे. परीक्षेला ती येत नाही.

आम्ही गेलो तेव्हा देवळासमोर माजी सरपंच बसलेले होते. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. आण्णांची ओढ्याला लागून मोसंबीची बाग आहे. माणूस मदत करणारा. चहा मागवला, दोन म्हातारी माणसं बोलावून आणली आणि मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या दाखवल्या. आदल्या सप्टेंबरात मोठं पाणी आलं होतं, ते तिसऱ्या पायरीला लागलं होतं, असं ते म्हणाले. "माझ्या डोळ्यानं पाह्यलंय साहेब. हितं उभा व्हतो मी." दोन्ही म्हाताऱ्यांनी मान हलवली. मामांनी तिसऱ्या पायरीवर स्टाफ धरला. साहेब म्हणाले, वाच. मी वाचलं, त्यांनी तपासलं, आणि पहिल्यांदा माझा आकडा सरकारी वहीत गेला. मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं, हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ काही अंशी त्यातच आहे.

साहेबांनी सांगितलं, पलीकडं कोणी आहे का बघ. मी फरशीवरून ओढा ओलांडला. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. वस्तीत शिरले तर एका ओळीत कुलपं. पितळी कुलूप, लोखंडी कुलूप, एका दाराला नुसती तार पिळलेली. अंगणात चुलीवर पालथं घातलेलं टोपलं. दोन कुत्री उठून बघायला आली आणि परत झोपली. मला हे सगळं इतकं ओळखीचं होतं की मी शेवटच्या घरापर्यंत गेलेही नाही. माझे आईवडील ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की आमच्या घरालाही असंच कुलूप लागतं. मी परत आले आणि सांगितलं, "कोणी नाही साहेब. सगळे कारखान्यावर गेलेत." साहेबांनी मान हलवली आणि मामांना सामान आवरायला सांगितलं.

माझं अक्षर बरं आहे, म्हणून पंचनामा मला लिहायला दिला. कसा लिहायचा ते माहीत नव्हतं. मामांनी कपाटातून एका जुन्या पुलाची फाइल काढून दिली. त्यात मजकूर तयार होता. मी गावाचं नाव, ओढ्याचं नाव, आकडे बदलले आणि बाकी तसंच उतरवलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'दोन्ही काठांवरील ग्रामस्थांकडे समक्ष चौकशी केली असता.' ते मी लिहिलं. लिहिताना मला थांबावंसं वाटलं असं मला आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही वाटलं नव्हतं. सरकारी मजकूर असाच असतो असं मी धरलं.

आण्णांची आणि दोन म्हाताऱ्यांची सही झाली. पुढचा महिना आराखडा आणि हिशेबात गेला. तिसऱ्या पायरीवरून पुलाच्या माथ्याची उंची ठरली, माथ्यावरून पोहोच रस्त्याची, म्हणजे पुलावर चढणाऱ्या रस्त्याची लांबी ठरली. मी रेघा मारत होते. साहेब अधूनमधून येऊन चुका दाखवत.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी दुपारी आईचा फोन आला. त्यांची टोळी तेव्हा कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या हद्दीत होती. गाडी भरायला वेळ होता म्हणून ती बांधावर बसून बोलत होती. मी काय करते हे तिला कधी नीट सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी मी पुलाचं सांगितलं. पाण्याची खूण माणसांना विचारून काढतात हे ऐकून तिला गंमत वाटली. मग तिनं विचारलं, पलीकडच्या वस्तीवाल्यांनी काय खूण सांगितली?

मी म्हटलं, ते नव्हते, कुलपं होती, तोडीला गेलेत.

  ती म्हणाली, "मग पूल कुणासाठी करायलाव?"

"त्यांच्यासाठीच."

"आन् इचारलं अलीकडच्याला." तिच्या आवाजात राग नव्हता. "आपल्या दाराला बी कुलूपच हाय की आता. आपलं बी कोण इचारीत असंल?" मग तिनं मावशीची तब्येत विचारली, जेवण वेळेवर करते का ते विचारलं, आणि गाडी आली म्हणून फोन ठेवला.

मी तीन दिवस काही बोलले नाही. पंचनाम्यातलं ते वाक्य मला आठवत राहिलं. पाणी दोन्ही काठांना सारखंच असतं, त्यामुळं एका काठाला विचारलं तरी आकडा तोच यायचा, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. शास्त्रानं ती बरोबरही होती. फक्त सांगणाऱ्यानं सगळ्यात मोठं पाणी पाहिलेलं असायला हवं. अंदाजपत्रक शुक्रवारी मोठ्या साहेबांच्या सहीला जाणार होतं. बुधवारी बाकावर बसून मी मामांना सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "साहेबाला सांग. पण चहा झाल्यावर सांग."

चहा झाल्यावर सांगितलं. साहेब ऐकत होते तोवर त्यांच्या हातात पेन तसंच होतं. त्यांनी विचारलं, हे जानेवारीत का नाही बोललीस? मी म्हटलं, जानेवारीत माझ्या लक्षात आलं नाही. ते म्हणाले, तुझ्याच लक्षात यायला पाहिजे होतं, आमचं सोड. ते खरं होतं. मग ते म्हणाले, "हे बघ, मला चर्चा नको. पाणी जास्त आलं असंल असं वाटतं, हे मला फाइलीत लावता येत नाही. आकडा आण. उद्या संध्याकाळपर्यंत."

पूर आल्यावर तलाठ्यानं वस्तीत पंचनामे केले होते, पण मामा म्हणाले की त्यात काय भिजलं ते असतं, पाणी किती उंच ते नसतं. मामांनीच दुसरी वाट काढली. गावात पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या बाईची चुलत बहीण वस्तीत दिलेली. गिरणीवालीकडून त्या बहिणीचा नंबर मिळाला. त्यांना मी काकू म्हणते. गुरुवारी सकाळी आम्ही जीपनं निघालो आणि गिरणीपाशी उभं राहून मी फोन लावला. पलीकडं कोयत्यांचा आवाज येत होता.

मी पुलाच्या कामाचं सांगितलं. काकूंनी आधी विश्वासच ठेवला नाही. "कोन बोलायलीस? लोनवाली हायेस का?" मी माझं गाव सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणाची? मी वडिलांचं नाव सांगितलं, मुकादमाचं सांगितलं. टोळी कुठं आहे ते त्यांनी विचारलं. मी कारखान्याचं नाव सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. "मंग तू आमच्यातलीच की ग. आन् कवा व्हायचाय म्हनं पूल?"

मी म्हटलं, होईल, पण तुमच्या घरात पाणी किती आलं होतं ते सांगा. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती. ओढ्याला पाणी आलं की तिची शाळा बुडते. आदल्या वर्षी तीन आठवडे बुडाली आणि गणितात राहिली. नवरा म्हणत होता की असंच होणार असेल तर पुढच्या हंगामाला तिला टोळीत न्यावं, नाहीतर स्थळ बघावं. "ती आता माज्या बहिणीकडं ऱ्हाती गावात, हंगामापुरती. पर पावसाळ्यात आमी असताना दुसऱ्याच्या दारात कशी ठिवायची? तिचा बाप ऐकत न्हाई. पूल झाला तर ऐकंल."

त्यांनी सांगितलं की पाणी भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत आलं होतं. त्यावर चुना दिला तरी डाग वर आला. मी विचारलं, घर उघडता येईल का? काकूंनी थोडा विचार केला. मग किल्ली गिरणीतल्या बहिणीकडंच आहे असं सांगितलं. "पर तू एकलीनं आत जायाचं. गड्यांनी भाईर थांबायचं. घर कसंबी टाकून आलोय आमी." त्यांनी फोन ठेवला नाही. फोन तसाच चालू ठेवून आम्ही ओढा ओलांडला.

साहेबांनी दुर्बीण अंगणात, दारासमोर लावली. मामा लांब पिंपळाखाली जाऊन पाठ करून बसले. मी कुलूप काढलं. आत उंदराचा आणि बंद धान्याचा वास होता. पत्र्याच्या फटीतून उजेडाच्या रेघा येत होत्या. भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर, ऑक्टोबरचं पान. त्याच्या खालच्या कडेशी भिंतभर एक तपकिरी रेघ होती, चुन्याखालून आलेली. कोपऱ्यात रचलेल्या पेट्यांच्या मागं गेली होती आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली होती. एवढी सरळ रेघ मी कधी कागदावर मारली नव्हती.

फोनवरून काकू विचारत होत्या, दिसला का? मी म्हटलं, दिसला.

"पानी भल्या पहाटं आलं. आमी पत्र्यावर चढलो. पोरीला मधी धरलं. उजाडल्यावर उतराय लागलं."

मी स्टाफ जमिनीवर उभा धरला आणि फोनचा उजेड त्याच्या आकड्यांवर पाडला. साहेबांनी बाहेरून आकडा सांगितला आणि स्वतःच लिहिला. मग मी टेपनं जमिनीपासून रेघेपर्यंतचं अंतर घेतलं, दोनदा घेतलं, आणि मोठ्यानं सांगितलं.  मी दारात आले तेव्हा साहेब ओट्यावर बसून बेरीज करत होते. देवळाच्या तिसऱ्या पायरीपेक्षा ही रेघ पंच्याण्णव सेंटिमीटर वर होती. आम्ही काढलेला पूल त्या पहाटेच्या पाण्यात बुडाला असता.

आण्णांनी खोटं सांगितलं नव्हतं. ते उजाडल्यावर देवळापाशी आले होते. तोवर पाणी उतरायला लागलं होतं.

साहेबांनी विचारलं, "पंचनाम्यात दोन्ही काठ कोणी लिहिलं?"

"मी. जुन्या फाइलीत तसं होतं."

ते माझ्याकडं न बघता वही मिटवत म्हणाले, "जुन्या फाइलीत मीच लिहिलंय ते."

मी परत आत गेले, उंदरानं पाडलेला एक डबा उचलून ठेवला आणि कुलूप लावलं. काकूंना सांगितलं की झालं. त्यांनी विचारलं, गोधड्या कोरड्या आहेत का? मी बघितलं नव्हतं. परत कुलूप काढून बघितलं. कोरड्या होत्या.

शुक्रवारी अंदाजपत्रक गेलं नाही. मोठे साहेब साहेबांवर चिडले, दार लोटलेलं होतं तरी बाकावर ऐकू येत होतं. मार्चच्या आत फाइल गेली नाही तर काम एक वर्ष मागं पडेल, हे साहेबांनाही माहीत होतं. पण बाहेर आल्यावर त्यांनी मला नव्या उंचीवर आराखडा काढायला सांगितलं, आणि एवढंच म्हणाले की ह्या वेळी रेघा जरा बारीक मारा, इंजिनिअरबाई.

आराखडा झाला आणि नवीच अडचण आली. पूल वर गेला की त्याच्यावर चढणारा रस्ताही लांबतो. अलीकडच्या बाजूला तो आण्णांच्या मोसंबीच्या दोन ओळींतून जात होता. त्यांची संमती लागणार होती. साहेब त्यांच्याकडं गेले, मीही होते. आण्णा तोपर्यंत आमच्याशी गोड होते, त्या दिवशी त्यांनी चहाही विचारला नाही. ते म्हणाले, मी खूण दाखवली, सही केली, आता तुम्ही म्हणता ती चूक. वस्तीत पाणी शिरतं हे त्यांना माहीत होतं, पण ती घरंच खोलात आहेत असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी दोन्ही आकडे समजावून सांगितले. आण्णा म्हणाले, कुलूप लावलेल्या घरातला आकडा मी कशाला मानू? सात वर्षांची झाडं आहेत. साहेब त्यांना जास्त काही बोलले नाहीत. परत येताना जीपमध्ये म्हणाले, झाडं खरंच चांगली आहेत त्यांची.

मार्च गेला. फाइल टेबलावरच राहिली. माझ्या चुकीमुळं त्या वस्तीचं एक वर्ष गेलं की वाचलं, ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कोणाला विचारायचीही लाज वाटत होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोळ्या परत आल्या. साहेबांनी नवा पंचनामा ठेवला, शाळेच्या ओसरीत. या वेळी ते स्वतः वस्तीत जाऊन सांगून आले. अलीकडची दहा-बारा माणसं, पलीकडचीही तेवढीच. काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला त्या थोराड वाटल्या होत्या. प्रत्यक्षात बारीक होत्या, माझ्या आईपेक्षा लहान असाव्यात. त्यांनी मला बघून नुसती मान हलवली आणि बायकांत जाऊन बसल्या.

साहेबांनी दोन्ही खुणा वाचून दाखवल्या. वस्तीतले गडी आपसात बोलत होते, पण उभं राहून कोणी बोलेना. आण्णांच्या समोर त्यांना बोलायची सवय नसावी. वर्षातले सहा महिने गावात नसलेली माणसं, उरलेल्या सहा महिन्यांत कशाला वाद घालतील. आण्णा हात बांधून बसले होते. मग काकूंनी बसल्या जागेवरूनच पदर सारखा केला आणि बोलल्या.

"आण्णा, तुमी उजाडल्यावर आलते. म्या बघितलं तुमाला देवळापाशी. पत्र्यावरून दिसत व्हता. म्या हाक बी मारली."

आण्णा म्हणाले, "मला ऐकू न्हाई आलं."

"पान्याचा आवाज लई व्हता. तुमचा दोष न्हाई. पर तवा पानी उतरलं व्हतं. त्याच्या आधीचं आमीच बघितलं, दुसऱ्या कुनी न्हाई. ते कागदावर कावून येऊ नये?"

 आण्णांनी बांधलेले हात सोडले. मग विचारलं, "पत्र्यावर कितीजन व्हता?"

काकूंनी बोटं मोजली आणि सांगितलं, "सात. आन् एक शेळी."

आण्णा साहेबांकडं वळून म्हणाले, झाडांच्या दोन ओळी म्हणता, दीड ओळीत भागत नाही का? साहेबांनी आराखडा उघडला. वळण थोडं बाजूला घेतलं तर एक ओळ वाचत होती. त्यासाठी अर्धा दिवस गेला. दोघं बागेत जाऊन दोरी धरून आले, मी खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी आण्णांनी संमतीपत्रावर सही केली. करताना म्हणाले की मोसंबीचा हा बहार मी उतरवून घेणार, त्याआधी कोणी यंत्र आणायचं नाही. साहेबांनी तेही लिहून दिलं.

पंचनाम्याखाली या वेळी एकोणीस सह्या आणि अंगठे आले. जुन्या पंचनाम्याचं काय करायचं, मी विचारलं. तो फाडता येत नाही. त्यातल्या चुकीच्या ओळीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची, असा नियम आहे. लिहिलं मी होतं, पण मी सरकारी माणूस नाही, त्यामुळं सही साहेबांनी केली.

मे महिन्यात माझं प्रशिक्षण संपलं. कॉलेजच्या अहवालात मी हे सगळं लिहिलं होतं. सरांनी ते काढून टाकायला सांगितलं, कारण अहवालात यंत्रांची माहिती आणि आकृत्या अपेक्षित असतात. मी काढलं. म्हणून इथं लिहिते आहे.

फाइल जूनमध्ये वर गेली आणि पुरवणी मंजुरीत बसली, म्हणून पूर्ण वर्ष गेलं नाही. पावसाळ्यात पूल नव्हताच. काकूंच्या मुलीची शाळा या वर्षीही अकरा दिवस बुडाली. मी फोन करून विचारत होते. दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि परवा मी तिथं जाऊन आले. दोन्ही काठांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, मधले खांब चालू आहेत. साहेब म्हणाले, स्लॅब मार्चमध्ये पडेल. वस्ती पुन्हा रिकामी आहे. काकूंची मुलगी गावात तिच्या गिरणीवाल्या मावशीकडं राहते, दहावीला आहे. तिची परीक्षाही मार्चमध्येच, म्हणजे शाळेसाठी तिला हा पूल काही कामाचा नाही. पण अकरावीचं कॉलेज तालुक्याला आहे, आणि एसटी अलीकडून सुटते.

काकूंना मी फोनवर खांबांचं सांगितलं. त्या त्यांच्या नवऱ्याकडं वळून काहीतरी म्हणाल्या, मला नीट ऐकू आलं नाही. मग मला म्हणाल्या, "त्याला सांगितलं म्या. पूल झाल्यावर पोरीला घरी बशिवायला तुझ्याकडं काय कारन ऱ्हायलं, म्हनलं."

मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"काय न्हाई. मोळी बांधायलाय."